पुणतांब्याचा सूर आणि श्रोत्यांचे पोस्टकार्ड

(जागतिक रेडिओ दिनानिमित्त जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१३ फेब्रुवारी हा दिवस युनेस्कोच्या ठरावानुसार २०१२ पासून जागतिक रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी प्रक्षेपण यंत्रांविषयी आणि निवेदकांविषयी पुष्कळ बोलले जाते. मी मात्र रेडिओच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाविषयी बोलणार आहे. तो ऐकतो, आणि आवडले तर लिहून कळवतो. त्याच्या या लिहिण्याने एकदा शासनालाही आपला विचार बदलावा लागला होता. या हकिकतीत आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे, म्हणून ती येथे सांगणे उचित वाटते.

१९१८ साली आपल्या जिल्ह्यात दोन मुले जन्मली. एक जानेवारीत, गोदाकाठच्या पुणतांब्यास. दुसरे एप्रिलमध्ये, नगरच्या लष्करी वसाहतीत, एका ब्रिटिश लष्करी कुटुंबात. दुसरे मूल म्हणजे स्पाइक मिलिगन. बी.बी.सी.वर १९५१ ते १९६० पर्यंत गाजलेला ‘द गून शो’ हा विनोदी कार्यक्रम मुख्यतः त्याच्या लेखणीतून उतरला. त्या कार्यक्रमात दोन प्रवेशांच्या मध्ये जॅझ संगीताचे तुकडे वाजत असत. पुणतांब्याचे मूल म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात संगीतकार सी. रामचंद्र. दोघांची गाठ पडल्याचे ऐकिवात नाही. तरीही एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांचे नाव रेडिओने घरोघरी नेले, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटत आला आहे.

अण्णांच्या, म्हणजे सी. रामचंद्र यांच्या संगीताकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. चांगदेवांच्या समाधीमुळे ओळखल्या जाणाऱ्या गावात जन्मलेल्या या माणसाच्या कानात मराठी मातीतील गाणे होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांना गोव्याचे वादक भेटले. हे वादक चर्चमधील संगीतशाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले होते आणि हॉटेलांतील वाद्यवृंदांत जॅझ वाजवून तयार झालेले होते. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक अँतोनियो झेवियर वाझ हे त्यांच्यापैकी एक. ते अण्णांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि बोंगो यांचा जो जल्लोष ऐकू येतो, तो या सहकार्याचे फळ आहे. बोंगो हे क्यूबाचे चर्मवाद्य आणि जॅझ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची देणगी. १९५७ च्या ‘आशा’मध्ये अण्णांनी रॉक अँड रोलचा ठेका आणला. आणि हेच संगीतकार १९५३ च्या ‘अनारकली’त पूर्णपणे रागदारीच्या छायेत वावरतात. एकाच माणसाच्या पेटीत इतके निरनिराळे सूर असावेत, याचे आजही नवल वाटते.

हे सूर खेड्यापर्यंत पोहोचवणारे साधन एकच होते. ग्रामोफोन श्रीमंताघरी होता आणि चित्रपटगृह तालुक्याच्या गावी. उरला रेडिओ. आणि नेमक्या त्याच वेळी आकाशवाणीचे दार चित्रपटगीतांना जवळजवळ बंद झाले.

१९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्याविषयी बोलताना न्यायबुद्धी सोडू नये. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला, आणि १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने होऊ लागली. संस्थानांचा आश्रय गेल्यामुळे निराधार झालेल्या अनेक गवयांना आकाशवाणीने त्या काळात आधार दिला. हेतू उदात्त होता. मात्र चित्रपटगीते हलकी आहेत आणि त्यांत परदेशी सुरावटींची भेसळ होते, असे त्यांचे मत असल्याने त्या गीतांवर मर्यादा आल्या. निर्मात्यांशी असलेला करारही मोडला आणि काही महिन्यांतच ही गीते आकाशवाणीवरून बहुतांशी नाहीशी झाली. म्हणजे पुणतांब्याच्या मुलाने केलेले मिश्रण हाच त्याचा दोष ठरला.

श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी रेडिओची खुंटी फिरवली.

सिलोनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी एक शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र उभारले गेले होते. युद्ध संपल्यावर त्याचे रेडिओ सिलोन झाले. त्याच्या लघुलहरी आपल्याकडे सहज पोहोचत. १९५२ च्या डिसेंबरात तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बसून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत आणि ती फीत विमानाने कोलंबोला जाई. आरंभी सात गाणी वाजवली जात आणि त्यांचा क्रम लावून पाठवणाऱ्या श्रोत्यांसाठी बक्षीस असे. सयानी पुढे सांगत की, पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली आणि काही काळाने आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत पत्रे येऊ लागली. ज्या देशात निम्म्याहून अधिक लोकांना अक्षरओळख नव्हती, त्या देशातील ही पत्रे आहेत. त्यांतील कित्येक दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली असणार.

माझे बालपण राहुरी तालुक्यात मुळाकाठच्या एका खेड्यात गेले. चावडीत ग्रामपंचायतीचा रेडिओ होता. तो लाकडी कपाटात असे, किल्ली ग्रामसेवकांजवळ, आणि कडुनिंबावरून बांबूपर्यंत एरियलची तार ताणलेली. संध्याकाळी बाजारभाव आणि शेतीविषयक कार्यक्रम होत. बुधवारी आठ वाजता मात्र काटा आपोआप सिलोनकडे वळे. एकदा कर्ण्यातून ट्रंपेटचा मोठा तुकडा वाजला. पायरीवर बसलेले एक वृद्ध वारकरी म्हणाले, “अरे, हे तर आपल्या वरातीतलं वाजंत्री!” आम्ही मुले हसलो. आज वाटते, त्या सबंध सभेत खरे बोलले ते एकटेच. आमच्याकडील लग्नाच्या बँडपथकात क्लॅरिनेट होते, ट्रंपेट होते. इंग्रजी पलटणींच्या बँडवरून ही वाद्ये गावोगाव आली होती. दोन बोंगोंची जोडी आमच्या कानाला गोंधळ्याच्या संबळाची आठवण करून देई. शहरातील जाणकारांना जे परके वाटले, ते खेड्यातील कानाला ओळखीचे होते.

पुढे एका तपासणीच्या वेळी काटा सिलोनवर आढळला. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी शेरा मारला की, शासकीय संच परदेशी करमणुकीसाठी नाही. कपाटाला कुलूप लागले ते पाच आठवडे. त्या काळात शेतीचा कार्यक्रमही कोणी ऐकला नाही, कारण ऐकायला चावडीवर कोणी येईनासेच झाले. शेवटी ग्रामसभेत विषय निघाला. माझे चुलते एरवी सभेत तोंड उघडत नसत. ते उठले आणि म्हणाले, “साहेब, आम्ही गाण्यासाठी येतो, आणि आलो की बी-बियाण्याचंही ऐकतो. गाणं काढलंत तर माणूस घरीच राहील.” कुलूप निघाले. त्या अधिकाऱ्यांचा मोठेपणा असा की, त्यांनी आपला शेरा स्वतःच्या हाताने खोडला.

चुलत्यांच्या बोलण्यातील तथ्य या जिल्ह्याने त्याच्याही आधी अनुभवले होते. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. त्यासाठी पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडली होती आणि अहमदनगर हा त्या पाचांपैकी एक होता. आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी अर्ध्या तासाचा असे वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील प्रसारणात दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांतील माहितीची वाढ इतर गावांपेक्षा ठळकपणे अधिक दिसून आली. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. ऐकणाऱ्याला बोलू दिले, एवढेच त्या यशाचे रहस्य मला दिसते.

मनोरंजनाच्या बाबतीतही शासनाला तोच मार्ग धरावा लागला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. तिच्या उभारणीत कवी पंडित नरेंद्र शर्मा यांचा मोठा वाटा होता. तिचे नावच बोलके आहे. शास्त्रीय, लोक, भक्ती आणि चित्रपट असे सर्व संगीत एका छत्राखाली आले, आणि चित्रपटगीते सन्मानाने परतली. डॉ. केसकर तेव्हाही मंत्रिपदावर होते, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. त्यांनी आपली आवड बदलली असे मला वाटत नाही; परंतु श्रोत्यांची आवड त्यांनी मान्य केली. लोकशाहीत यापेक्षा अधिक काय अपेक्षावे?

विविध भारतीच्या ‘जयमाला’ कार्यक्रमाचे नगरशी विशेष नाते आहे. तो सैनिकांच्या पसंतीच्या गाण्यांचा. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे पंजाब, राजस्थान, तमिळनाडू अशा सर्व प्रांतांचे जवान आपल्या शहरात असत. छावणीजवळच्या चहाच्या दुकानात मी विद्यार्थी असताना हा कार्यक्रम ऐकला आहे. निवेदक पत्रे पाठवणाऱ्यांची नावे वाचू लागला की, कपबशांचा आवाज थांबे. एखादे नाव ओळखीचे निघाले तर दुकानदार त्या जवानाच्या चहाचे पैसे घेत नसे.

आता काळ पालटला आहे. आपल्या जिल्ह्यात आकाशवाणीचे स्वतःचे एफ.एम. केंद्र आहे, आणि भ्रमणध्वनीवर जगातील कोणतेही संगीत क्षणात मिळते. आफ्रिकेतील कोरा असो वा अर्जेंटिनाचा टँगो, पारनेरच्या डोंगरातही तो ऐकता येतो. मात्र यंत्र आपल्याला आपण कालच ऐकले तसलेच आज पुन्हा ऐकवते. अनोळखी सूर पुढ्यात ठेवून “हे ऐकून तर पाहा” असे म्हणणारा निवेदक त्यात नसतो. आणि त्याला “ऐकले, आवडले, अमुक मात्र आवडले नाही” असे कळवणारा श्रोताही कमी होत चालला आहे. अंगठ्याच्या एका खुणेत कारण सांगता येत नाही. पोस्टकार्डात जागा थोडी होती, तरी कारण लिहावे लागे.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी सातवीच्या वर्गात एक उपक्रम करीत असे. आठवड्यातून एकदा रेडिओवरील कोणताही संगीताचा कार्यक्रम मुलांनी घरी ऐकायचा आणि केंद्राला पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर चार ओळी लिहायच्या. पहिल्या वर्षी बहुतेकांनी “कार्यक्रम छान होता” एवढेच लिहिले. एका मुलीने मात्र विचारले होते की, जुन्या गाण्यात मध्ये जे पितळी वाद्य वाजते ते तिच्या मामांच्या बँडमध्ये आहे, मग निवेदक त्याला विलायती का म्हणाले? ते कार्ड पेटीत टाकण्यापूर्वी मी दोनदा वाचले. उत्तर आले ते तिसऱ्या आठवड्यात, आणि तिच्या नावासह रेडिओवरूनच आले. त्या दिवशी मामांच्या घरी बँडपथकातील सर्व मंडळी ऐकायला जमली होती.