गोदीचा धडा आणि कंत्राटी कामगार

(परळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लालबाग-परळमध्ये कामगार कायद्यांची चर्चा निघाली की बोलणे गिरण्यांकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु गिरणी कामगारांचे तंटे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली राज्याच्या अखत्यारीत चालत आले. याच वस्तीत वाढलेला परळ वर्कशॉपमधील रेल्वे कामगार, पूर्व किनाऱ्यावरचा गोदी कामगार आणि फोर्टमधील राष्ट्रीयीकृत बँकेचा शिपाई यांचे ‘समुचित शासन’ मात्र केंद्र सरकार आहे. त्यांच्या सेवाशर्तींचे किमान मान दिल्लीत ठरते. माझा प्रश्न एवढाच आहे: ते मान फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येक कामगाराला लागू होते, की केवळ हजेरीपटावर नाव असलेल्यालाच?

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या गोदीने पूर्वीच दिले आहे. तेथे माल चढविण्या-उतरविण्याचे काम टोळीवाल्यांच्या हाती असे. जहाज लागले तर काम, नाही तर उपास; आणि कोणाला पाळी द्यायची हे टोळीवाला ठरवी. १९४८ साली गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा झाला व १९५१ साली मुंबईत त्याखालील योजना आली. कामगारांची नोंदणी झाली, काम पाळीपाळीने मिळू लागले, हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरीभत्ता आला, महिन्याकाठी किमान मजुरीची हमी आली. पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांनी बांधलेली संघटना पाठीशी होती, म्हणून ही योजना कागदावर राहिली नाही. शासन, मालक व कामगार यांना गोदी कामगार मंडळावर समान प्रतिनिधित्व होते. १९९४ मध्ये हे मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. परंतु काम अनियमित असले तरी कामगाराचे जीवन अनियमित असण्याचे कारण नाही, हे तत्त्व त्याने सिद्ध करून दाखविले. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात हेच तत्त्व स्वीकारले.

आता दुसरा इतिहास पाहा. कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा १९७० साली झाला. त्याखाली ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्राने अधिसूचना काढली, की आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडणे, पुसणे, धूळ झटकणे आणि राखण करणे या कामांवर कंत्राटी कामगार नेमू नयेत. अधिसूचना चांगली होती. परंतु ती आणीबाणीत, कामगार चळवळीचे तोंड बांधलेले असताना, वरून आली. तिच्या आधारे मुंबईतील एअर इंडियाच्या सफाई कामगारांनी न्यायालयात दाद मागितली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कंत्राट पद्धत रद्द झाल्यावर हे कामगार मूळ मालकाचे ठरतात. पाच वर्षांतच, २००१ साली, घटनापीठाने तो निर्णय फिरविला. कामगार आपोआप सामावले जात नाहीत असे ठरले, आणि प्रत्येक आस्थापनेचा वेगळा विचार केलेला नाही म्हणून १९७६ ची अधिसूचनाही रद्दबातल झाली.

हे वर्तुळ २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने पूर्ण केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे. ती ‘मुख्य कार्या’त कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई करते, पण आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर सफाई, राखण, उपाहारगृह आणि मालाची चढउतार ही कामे मुख्य नव्हेत, असेही सांगते. १९७६ साली ज्या कामांना संरक्षण दिले, नेमकी तीच कामे आज संरक्षणाबाहेर गेली. शिवाय कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नासवर नेली आहे.

व्यवस्थापन म्हणते, ही दुय्यम कामे आहेत. दादर स्थानकाचा फलाट एक दिवस झाडला नाही तर काय होईल? जे काम रोज करावे लागते ते कायमचेच काम आहे. कंत्राटदार बदलतो, झाडू आणि झाडणारा बहुधा तेच राहतात. बदलते ते फक्त त्याच्या सेवेचे गणित, जे दर नव्या निविदेबरोबर शून्यापासून सुरू होते.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे ठेवतो. पहिले, रेल्वे, बंदर व बँक यांतील संघटनांनी कंत्राटी कामगाराला सभासद करून घ्यावे. कायम कामगाराच्या करारात त्याचे नाव नसेल तर उद्या त्या करारालाही आधार उरणार नाही. दुसरे, जे हातात आहे ते वापरावे. नेमणूकपत्र देणे नव्या संहितेनेही बंधनकारक केले आहे, आणि कंत्राटदाराने वेतन बुडविल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावरच ठेवली आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सरकारी सेवेतील हंगामी कर्मचाऱ्यांना लागू केले. कंत्राटी कामगारासाठीही तीच मागणी लावून धरावी. तिसरे, गोदीच्या धर्तीवर नोंदणी मंडळाची मागणी करावी: कंत्राट कोणाचेही असो, कामगाराची नोंद, ज्येष्ठता व भविष्य निर्वाह निधी मंडळाकडे सलग राहावा.

न्यायालयाने दिलेले न्यायालय परत घेऊ शकते, आणि अधिसूचनेने दिलेले संहिता काढून घेऊ शकते. गोदीतील हक्क मात्र वर्षानुवर्षे टिकले, कारण निर्णयाच्या टेबलाशी कामगार स्वतः बसलेला होता. सफाई कामगारासाठी त्या टेबलाशी खुर्ची मिळविणे, हे आपले काम आहे.