परतीचे भाडे



कामगार संघटनेच्या माणसाने प्रेमकथांवर, आणि त्याही ख्रिस्ती भाविकांच्या प्रेमकथांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे वाचन पाळी सुटल्यावर रात्री, शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. त्या वाचनात या कादंबऱ्या आल्या. अमेरिकेत आणि कॅनडात त्या आवडीने वाचतात. पंडित मात्र त्यांची गणना साहित्यात करीत नाहीत. न करोत बापडे. दुःखात सापडलेली बाई ज्या पुस्तकाजवळ जाऊन बसते, त्यात काय आहे हे पाहायला हरकत नसावी.

या जातीच्या कथांचा साचा ठरलेला. कोणीतरी मरते, मागे राहिलेले माणूस देवावर रुसते, दुसरे एक माणूस भेटते, आणि शेवटी प्रेम व श्रद्धा एकाच दाराने आत येतात. शेवट आधीच ठाऊक, मग वाचायचे कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे हरिविजय ऐकणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो काय? ठाऊक असतो म्हणूनच ऐकताना धीर येतो.

यांतली एक सविस्तर सांगतो. जॅनेट ओक या कॅनेडियन बाईंची 'लव्ह कम्स सॉफ्टली' १९७९ साली निघाली. मार्टी नावाची कोवळी पोर नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे नवी वस्ती करायला निघाली आहे. (त्या जमिनीवर आधी कोण राहात होते, हे अशा कादंबऱ्या क्वचितच विचारतात.) वाटेत नवरा अपघाताने जातो. गाठीला पैसा नाही, पोटात मूल. ज्या दिवशी त्याला पुरतात त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक अनोळखी शेतकरी येऊन तिला लग्नाचे विचारतो. त्याची बायको वारलेली, घरी मिसी नावाची लहान मुलगी. ऐकून संताप यावा असाच प्रसंग. परंतु त्याच्या बोलण्यात एक कबुली आहे. वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेकडे परत जाईल, तेव्हा तिला जावेसे वाटले तर भाडे तो भरील. मिसीला मात्र तिने बरोबर न्यावे, कारण पोरीला आई हवी. तोवर घर तिचे. तो शेजारच्या पडवीत निजणार.

परतीचे भाडे! आम्ही तीस वर्षे अपघातात गेलेल्या कामगारांच्या घरी जात आलो आहो. प्रेत उचलले की आप्तांचा उपदेश सुरू होतो : देवाची मर्जी, प्रारब्ध, पोरांकडे बघ. बाई मान खाली घालून ऐकते. तिच्या मनात घरभाडे असते, वाण्याची उधारी असते, आणि भरपाईच्या कागदावर आपला अंगठा कोण उठवून नेईल याची धास्ती असते. एका कारखान्याच्या साहेबाने तर तेराव्याच्या आत खोली रिकामी करण्याचा निरोप धाडला होता. तो आला तेव्हा आम्ही तिथेच बसलो होतो. त्या बाईला त्या दिवशी गीता सांगितली काय आणि बायबल सांगितले काय, काही ऐकू येणार नव्हते.

ओकबाईंना हे ठाऊक आहे. क्लार्क रोज न्याहारीच्या वेळी बायबल वाचतो, प्रार्थना करतो. मार्टीवर सक्ती करीत नाही. तिला स्वयंपाक येत नाही; सुरुवातीला ती जेवणाला नुसती धिरडी घालते, आणि तो मुकाट्याने खातो. शेजारच्या ग्रॅहमबाई स्वतः एकदा विधवा झालेल्या. त्या तिला तत्त्वज्ञान सांगत नाहीत, आपली हकीकत सांगतात : दुसरे लग्न गरजेपोटी केले, माया मागाहून आली, पावलांचा आवाज न करता.

मराठीत ही वाट फार आधी पडली आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचे नाव परीक्षेपुरते घेतो. यमुना आणि विनायक गावोगाव फिरताना विधवांचे हाल पाहतात. मग विनायक जातो आणि तेच हाल यमुनेच्या वाट्याला येतात. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा संसार मांडते. बाबा स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झालेले. त्यांची तळमळ खरी. त्या विधवांच्या हकीकती आजही वाचवत नाहीत. पण यमुनेपुढे एकच दार उघडे आहे. बाकीची दारे आपल्या समाजाने लावून घेतली होती, हा दोष बाबांचा नव्हे. तरी अशा दाराने आत गेलेल्या माणसाची श्रद्धा किती आणि निरुपाय किती, हे कोणी सांगावे? मार्टीचे दार दोन्हीकडे उघडते. वसंत येतो तेव्हा तिला जाता येत असते, आणि ती राहते.

आमचे काही सोबती म्हणतील, ही सारी अफू आहे. सरसकट तसे आम्हांला म्हणवत नाही. आमची तक्रार वेगळी. मार्टी तरली ती क्लार्क भला निघाला म्हणून. तो लबाड असता तर? आपल्याकडे १९२३ साली कामगारांच्या भरपाईचा कायदा झाला, तो आमच्या मते या परतीच्या भाड्याचाच कायदा : कोणा भल्या माणसाच्या मर्जीवर न राहता ते बाईच्या हाती हक्काने पडावे. भरपाईचा अर्ज लिहिताना आम्ही बाईला प्रथम विचारतो, माहेरी जायचे आहे की इथेच राहायचे. पुष्कळजणींना हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारलेला असतो.