श्राव्य ग्रंथ आणि त्याचा वाचक

चातुर्मासांत देवळांत पोथी लागे, तेव्हां गांवांतील बायकामाणसें ‘आज अध्याय कोणता?’ असें विचारीत नसत. ‘आज पोथी कोण सांगणार?’ असें विचारीत. श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ त्यांच्या कानांवरून अनेक वेळां गेलेला असे. पुढें काय होणार हें सर्वांस ठाऊक असे. तरीहि एका पुराणिकाच्या तोंडून ती कथा ऐकतांना डुलकी येई आणि दुसऱ्याच्या तोंडून तीच ऐकतांना समईंतील तेल संपत आल्याचें भान राहत नसे. ओव्या त्याच, देऊळ तेंच, ऐकणारेहि तेच. निराळा होता तो केवळ कंठ.

तोच प्रश्न आज शहरांतल्या घरांत नव्या वेषानें येऊन उभा राहिला आहे. स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीनें २०१७ सालीं भारतांत काम सुरूं केलें, तेव्हां इंग्रजी व हिंदी यांच्या जोडीस तिनें मराठी भाषा घेतली. स्वयंपाक करतांना, लोकलच्या गर्दींत, किंवा रात्रीं झोप येत नाहीं म्हणून मोबाईल उशाशीं ठेवून कादंबरी ऐकणारीं माणसें आतां सर्वांच्या ओळखीचीं झालीं आहेत. पुस्तक निवडतांना अशीं माणसें प्रथम लेखकाचें नांव पाहतात आणि लगेच त्याखालीं वाचणाऱ्याचें. देवळांतील त्या बायकांचा प्रश्न त्यांनीं नकळत पुन्हां विचारलेला असतो.

बोलक्या पुस्तकाची कल्पना यंत्राइतकीच जुनी आहे. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ तयार केला आणि दुसऱ्याच वर्षीं ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकांत त्याच्या उपयोगांची जी यादी दिली, तींत अंधांना वाचून दाखविणारीं पुस्तकें हा एक उपयोग होता. परंतु त्या काळच्या नळकांड्यावर कांहीं मिनिटांपलीकडे मजकूर मावत नसे. मग कादंबरी मावणार कोठून? अमेरिकेंत १९३४ सालीं व इंग्लंडांत १९३५ सालीं मंद गतीनें फिरणाऱ्या तबकड्यांवर अंधांसाठीं पुस्तकें निघालीं. इंग्लंडांत तर पहिल्या महायुद्धांत डोळे गमावून बसलेल्या सैनिकांची गरज हीच या खटपटीमागची मोठी प्रेरणा होती. आरंभींच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकथा व जोसेफ कॉनराड यांची ‘टायफून’ हीं होतीं.

तबकड्या निघाल्या तशी तक्रारहि निघाली. वाचणाऱ्यानें वाचावें कीं नटावें, हा तो वाद. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पात्रागणिक आवाज बदलला पाहिजे, रडण्याच्या जागीं हुंदका आला पाहिजे, नाहीं तर पुस्तक नीरस होतें. दुसऱ्या पक्षांत स्वतः अंध असलेले पुष्कळ वाचक होते. त्यांचें म्हणणें असें कीं, डोळे असणारा मनुष्य पुस्तक वाचतो तेव्हां त्याच्या शेजारीं कोणी हातवारे करीत उभा राहत नाहीं. मग तो आमच्याच शेजारीं कां? आम्हांस शब्द द्या, रडायचें कीं हसायचें तें आमचें आम्ही पाहूं. हा वाद अजून मिटलेला नाहीं. पण या दुसऱ्या पक्षाच्या बोलण्यांत जो स्वाभिमान आहे, तो वाचनाच्या धंद्यांत पडणाऱ्या प्रत्येकानें एकदां तरी मनावर घ्यावा असा आहे.

येथें एक घोटाळा नेहमीं होतो. कथाकथन आणि ग्रंथवाचन या दोन वस्तु एकच समजल्या जातात. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून १८७० पर्यंत आपल्या कथांचे जाहीर प्रयोग करीत असे. पण तो व्यासपीठावर नेत असे तो मजकूर कापूनछाटून बेतलेला असे, त्याच्या कडेला स्वतःसाठीं खुणा केलेल्या असत, आणि समोर हजारों माणसें असत. आपल्याकडे शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनीं कथाकथनानें गांवोगांवचीं सभागृहें भरून टाकलीं, तींहि याच जातीचीं. सभेंत एक हंशा दुसऱ्या हंशाला जन्म देतो आणि सांगणारा त्यावर स्वार होतो. श्राव्य पुस्तकाला सभा नसते. तेथें एक कान असतो, तोहि वाचणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. आणि बैठक तासाभराची नसून दहाबारा तासांची असते. सभेंत शोभणारा आवाज त्या कानांत ओतला तर दुसऱ्या प्रकरणांतच जीव नकोसा होतो.

लेखकानेंच वाचावें, म्हणजे प्रश्न सुटला, असेंहि कोणी म्हणतात. अमेरिकेंत १९५२ सालीं कॅडमन नांवाच्या नव्या कंपनीनें डिलन टॉमस या वेल्श कवीच्या आवाजांत त्याच्याच कविता मुद्रित केल्या. कवितांनीं तबकडी पुरी भरेना, म्हणून दुसऱ्या बाजूस त्याची नाताळाच्या आठवणींची एक लहानशी गद्य रचना घातली. आणि लोकांनीं डोक्यावर घेतली ती ही भरतीची बाजू! पण टॉमसचा कंठ लाखांत एक होता. मराठींत पु. ल. देशपांडे यांचें तसेंच. त्यांचें वाचन ज्यानें एकदां ऐकलें, त्याला पुढें त्यांचें पुस्तक मनांतल्या मनांत वाचतांनाहि त्यांचाच आवाज ऐकूं येतो. हा लाभ आहे आणि थोडी हानीहि आहे, कारण मग त्या पानांवर स्वतःचें असें वाचन उरत नाहीं. बाकी बहुतेक लेखक आपलें लिखाण पोस्टांतील तारेप्रमाणें वाचतात, ही गोष्ट साहित्यसंमेलनास जाणाऱ्यांस सांगावयास नको.

आतां मराठी वाचकाच्या खास अडचणी. आपली लिपि या कामीं फसवी आहे. ‘च’ आणि ‘ज’ यांचे उच्चार दोन दोन, व अक्षर मात्र एक. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे शब्द कागदावर जुळे भाऊ दिसतात. तोंडांत एक टाळूपाशीं उमटतो, दुसरा दांतांपाशीं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांची तीच कथा. इंग्रजी शाळेंत शिकून आलेल्या तरुण वाचकाकडून येथें घसरगुंडी होते. आणि ‘ळ’ चा ‘ल’ झाला तर पहावयासच नको. ‘काळ आला होता’ याच्या जागीं ‘काल आला होता’ असें ऐकूं आलें कीं मृत्यूच्या आसनावर पाहुणा येऊन बसतो. उलट अतिदक्षतेचाहि एक दोष आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीं छापलेल्या पुस्तकांत ‘करावें’, ‘गेलें’ यांवर जे अनुस्वार आहेत, ते शिष्ट बोलण्यांतून केव्हांच गेले होते, लेखनापुरते उरले होते. ते कोणी नाकांतून म्हणूं लागला तर ऐकणाऱ्यास त्याला पडसें झालें आहे असें वाटतें. ओवीचा मामला आणखी निराळा. गद्यांत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतों. ओवींत तो गिळला कीं चरण लंगडा पडतो. ज्ञानेश्वरी वर्तमानपत्रासारखी वाचणाऱ्याला हें कोणी तरी वेळींच सांगितलें पाहिजे.

उच्चार शुद्ध असूनहि वाचन बिघडतें तें आघातामुळें. ‘रामानें त्याला पैसे दिले नाहींत’ हें वाक्य घ्यावें. जोर ‘रामानें’ वर पडला तर पैसे दुसऱ्या कोणी दिले. ‘त्याला’ वर पडला तर ते भलत्याला मिळाले. ‘पैसे’ वर पडला तर रामानें दिलें खरें, पण दुसरेंच कांहीं. छापील वाक्यांत हे तिन्ही अर्थ निजलेले असतात. त्यांतला कोणता जागा करायचा, हें मागचें पान लक्षांत असल्यावांचून, आणि कधीं कधीं पुढचें पान आधीं वाचल्यावांचून कळत नाहीं. म्हणून सबंध पुस्तक एकदां मनांत वाचून मगच मायक्रोफोनपुढें बसावें, हा या धंद्यांतला पहिला नियम. आणि मोडला जातो तोहि हाच. स्टुडिओचें भाडें तासावर असतें, तासाभराचें स्वच्छ वाचन मिळण्यास दोन तास सहज जातात, तेव्हां घरीं बसून केलेल्या पूर्वतयारीचे पैसे देणार कोण?

बोलीचा प्रश्न ‘बनगरवाडी’ वरून चांगला समजतो. १९५५ सालीं निघालेली माडगूळकरांची ही कादंबरी माणदेशांतील धनगरांच्या वस्तीवर आलेला एक कोवळा शाळामास्तर सांगतो. त्याचें निवेदन साध्या प्रमाण मराठींत आहे, आणि कारभारी, आयबू, आनंदा रामोशी हीं माणसें माणदेशी बोलतात. शहरांतल्या नटाला हें पुस्तक मिळालें कीं त्याला खेड्यांतलें प्रत्येक माणूस विनोदी वाटूं लागतें. तो हेल लांबवतो, शब्द चावतो, म्हाताऱ्याला खोकला आणतो. ऐकणारा दोन घटका हंसतो. पण पुस्तकाच्या शेवटीं दुष्काळ पडून वाडी ओस पडते, तेव्हां ज्यांना आतांपर्यंत हंसलों त्यांच्यासाठीं गळा दाटून येण्यास जागाच राहत नाहीं. वाडी आधीं आवाजांतच उजाड झालेली असते. या उलट ज्या वाचकाच्या कानांत तो मुलुख आहे, तो बोलीची नक्कल करीत नाहीं. शब्द जसे लिहिले आहेत तसे, घाई न करतां सोडतो. माडगूळकरांचें वाक्य आंखूड असतें. त्याच्यानंतर थांबावें लागतें. माळरानाला जी रिकामी जागा असते, ती या थांबण्यांत असते.

‘श्यामची आई’ ची परीक्षा याहून कठीण. साने गुरुजींनीं हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें व १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्यांतील प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलें आहे, कारण आश्रमांत रात्रीं प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना एकेक गोष्ट सांगतो, अशी त्याची बांधणी आहे. म्हणजे हें पुस्तक लिहितांनाच कानासाठीं लिहिलें गेलें. तें वाचणाऱ्याच्या हातून सर्वांत अधिक बिघडतें, याचें कारण सोपें आहे : तो ऐकणाऱ्याच्या आधीं स्वतः रडूं लागतो. श्याम मात्र मोठा झालेला मनुष्य आहे. आईला जाऊन काळ लोटला आहे, आणि समोर मित्र बसले आहेत. अशा माणसाचा आवाज भरून आला तरी तो सांवरतो, एखादें वाक्य जास्तच सरळ म्हणतो. तें सरळ म्हटलेलें वाक्यच ऐकणाऱ्याला गांठतें. घरांत मृत्यु झाल्यावर बाहेरगांवच्या नातलगांस बातमी सांगणारें मोठें माणूस कसें बोलतें, हें ज्यानें ऐकलें आहे, त्याला याहून अधिक शिकवण नको.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ मध्यें (१९६७) अडचण मोजणीची आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडानें बोलतात. सहा वाचक घ्यावे कीं एक? सहा घेतले तर नाटक होण्याचें भय. एकच घेतला तर, प्रकरणाचें शीर्षक ज्याच्या कानांतून निसटलें त्याला बराच वेळ कुंती कोण व वृषाली कोण तें उमगत नाहीं. कसबी वाचक एकटाच असून आवाज न बदलतां केवळ चालीनें माणूस बदलतो. असे वाचक थोडे आहेत.

चालीवरून वेगाची गोष्ट निघते. इंग्रजी श्राव्य पुस्तकांत मिनिटाला सुमारें दीडशें शब्द हा वेग बरा मानतात. तो आंकडा मराठीला लावूं नये, कारण आपले विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि इंग्रजीचे दोन शब्द आपल्या एकांत बसतात. ऐकणारे तर मोबाईलवर कळ दाबून वाचन सव्वापट पळवितात. त्यांना दोष देण्यापूर्वीं मूळचें वाचन रेंगाळत होतें काय, हें पाहावें.

आतां ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप सुरूं झाला त्या श्रोत्याकडे वळूं. डोळस मनुष्याला वाचन रुचलें नाहीं तर तो कपाटांतून पुस्तक काढतो. अंधाला, किंवा मोतीबिंदु, कांचबिंदु यांनीं ज्याची वाचण्याची दृष्टि गेली अशा वृद्धाला, ती वाट बंद आहे. भारतांत २०१२ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन अपंगांसाठीं ग्रंथांच्या सुलभ प्रती करण्यास मोकळीक मिळाली. २०१३ सालच्या माराकेशच्या आंतरराष्ट्रीय करारास २०१४ सालीं सर्वांत आधीं मान्यता दिली तीहि भारतानें. कायद्याचा अडसर गेला. परंतु मराठी पुस्तकाचें ध्वनिमुद्रण बहुधा एकदांच होतें. त्या एका वाचनांत चुकलेला आघात, गाळलेलें वाक्य, विनोदी करून टाकलेला म्हातारा, हें सारें त्या श्रोत्याच्या दृष्टीनें लेखकाचेंच ठरतें. ‘बनगरवाडी’ हलकीफुलकी गोष्ट आहे असें त्याचें मत झालें, तर तें मत खोडणारा कागद त्याच्याजवळ नाहीं. म्हणूनच अंधांच्या संस्थांतून विनामूल्य वाचणाऱ्या सुशिक्षित गृहिणींचें व निवृत्त कारकुनांचें साधें, संथ, कधीं थोडें अडखळणारें वाचनहि पुष्कळदां नटाच्या वाचनाहून मोलाचें असतें. अडखळण्याची चूक ऐकणाऱ्याला कळते. फसविण्याची कळत नाहीं.

अलीकडे यंत्रानें निर्माण केलेला आवाजहि मराठी वाचूं लागला आहे. तो थकत नाहीं, स्टुडिओचें भाडें मागत नाहीं, आणि कोशांतील अर्थ किंवा सरकारी परिपत्रक वाचण्यास तो पुरेसा आहे. जें पुस्तक कोणीच वाचून देणार नाहीं, तें यंत्राकडून ऐकणें हें मुळींच न ऐकण्यापेक्षां बरें. परंतु रामानें पैसे कोणाला दिले नाहींत, हा निवाडा तो अंदाजानेंच करतो.

एक लहानशी गोष्ट राहिली. अध्याय संपला कीं पुराणिक पोथी मिटी, वर रुमाल गुंडाळी, गांठ मारी. तोंवर कोणी जागचें उठत नसे. ध्वनिमुद्रणांत त्या गांठीची जागा तीनचार सेकंदांच्या शांततेनें घ्यावयाची असते. संकलन करणारा घाईंत असला म्हणजे ती कापतो, आणि मग कादंबरींतलें जिवाभावाचें माणूस जेथें शेवटचा श्वास सोडतें, त्याच्या पाठोपाठ, श्वासहि न घेतां, त्याच आवाजांत ऐकूं येतें : ‘प्रकरण सतरावें’.