पडद्यावर भरलेली परिषद

तज्ज्ञ डॉक्टरांची वार्षिक परिषद म्हणजे त्या विद्येच्या उपासकांची वारीच म्हणावयास हरकत नाही. ठरलेल्या महिन्यात ठरलेल्या नगरीत दूरदूरची मंडळी जमतात, निबंध वाचले जातात, त्यांवर आक्षेप घेतले जातात, नवी उपकरणे हाताळून पाहिली जातात आणि वर्षभर न भेटलेले गुरुशिष्य एका पंक्तीस बसतात. २०२० साली या क्रमात एकाएकी खंड पडला.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात करोनाचे महाराष्ट्रातील पहिले रुग्ण आढळले आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला. लोकांना गर्दी टाळण्याचा उपदेश करणाऱ्यांनीच एका सभागृहात हजारोंनी जमावे, हे शोभलेही नसते. आणि रुग्णशय्या सोडून तीन दिवस परगावी जाण्यास सवड तरी कोणाला होती? नाशिकचे ९४ वे साहित्य संमेलन मार्च २०२१ वरून डिसेंबर २०२१ वर गेले. साहित्याला असे थांबता येते; नऊ महिन्यांत कविता शिळी होत नाही. वैद्यकाला ती सोय नव्हती. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांची शिकागोची परिषद मे २०२० च्या अखेरीस पडद्यावर भरली, जुलैत एड्सविषयीची जागतिक परिषद त्याच मार्गाने गेली, आणि आपल्याकडील अनेक तज्ज्ञसंघटनांनीही पुढे तेच केले. वीज किंवा इंटरनेट ऐनवेळी दगा देईल म्हणून पुष्कळ व्याख्याने आगाऊ मुद्रित करून ठेवीत. श्रोत्यांनी प्रश्न लिहून धाडावयाचे आणि सूत्रधाराने त्यांतून निवडावयाचे, अशी रीत पडली.

हिचा खरा लाभ मुंबई-पुण्यापेक्षा बिलोलीसारख्या गावाला होता. बिलोली हे नांदेडपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, तेलंगणाच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण. अशा गावी एखाद्या शाखेचा तज्ज्ञ असलाच तर बहुधा एकटाच असतो. त्याने परिषदेस जावयाचे म्हणजे प्रवास, निवास आणि प्रवेशशुल्क यांचा खर्च तर आहेच, पण दवाखान्याला कुलूप लागते, आणि अडलेल्या बाळंतिणीला किंवा तापाने फणफणलेल्या पोराला नांदेडची वाट धरावी लागते. आता ओ. पी. डी. आटोपल्यावर त्याने मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला की दिल्लीचे व्याख्यान बिलोलीत ऐकू येई. ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु व्याख्यान ऐकणे म्हणजे परिषद नव्हे. फसलेल्या शस्त्रक्रियेची हकिकत व्यासपीठावरून क्वचितच सांगितली जाते. ती चहाच्या पेल्याशेजारी, आवाज खाली उतरवून सांगितली जाते, आणि ऐकणारा आयुष्यभर ती चूक टाळतो. ध्वनिमुद्रण चालू असताना असे कोण बोलणार? नवशिक्या डॉक्टराचा निबंध ऐकून एखाद्या वृद्ध प्राध्यापकाने त्याला बाजूला घेऊन चार शब्द सुनवावे, तेही पडद्यावर होत नाही.

या उणिवेची किंमत किती, हे एका औषधाच्या कथेवरून ताडता येईल. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जाहीर केले, की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. ही वार्ता जगभर तत्काळ पोहोचली. २० नोव्हेंबर २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील करोनाग्रस्तांना रेमडेसिव्हिर देऊ नये, अशी शिफारस केली, तीही पोहोचली. तरीही एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्याच रेमडेसिव्हिरसाठी लोक औषधदुकानांपुढे उन्हात रांगा लावून उभे होते. भारतातील मार्गदर्शक सूचनांनी काही रुग्णांपुरते ते औषध चालू ठेवले होते, हे खरे. परंतु दाराशी उभ्या असलेल्या भयभीत नातेवाइकांना एकट्या डॉक्टराने 'नको' म्हणावे कसे? पडद्यावरून त्याला माहिती मिळाली. 'आम्हीही नाही म्हणतो, तूही म्हण,' असे खांद्यावर हात ठेवून सांगणारे चार समव्यवसायी मात्र मिळाले नाहीत.

आता सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत. काही संघटना व्याख्याने पडद्यावरही दाखवितात, काहींनी ते दार लावून घेतले आहे. जेथे ते लागले, तेथे बिलोलीच्या डॉक्टराला पुन्हा दवाखान्याचे कुलूप आणि रेल्वेचे तिकीट यांचाच हिशेब मांडावा लागतो.