कापसाचा भाव सरकीला विचारा



कापसाची गाडी घेऊन आपण जिनवर जातो तेव्हा आपल्याला एकच भाव ठाऊक असतो, तोही काल शेजाऱ्याला मिळालेला. समोरच्या खरेदीदाराला चार ठाऊक असतात: रुईचा, सरकीचा, ढेपेचा आणि तेलाचा. त्याचा हिशेब काही गूढ नाही. एक क्विंटल कापूस जिनला लावला की साधारण 34 किलो रुई निघते, 64 किलो सरकी, बाकी घट. रुई विकली जाते खंडीनं, म्हणजे 356 किलोनं. समजा खंडी 54,000 रुपयांची आहे. 34 किलो रुईचे झाले 5,157. सरकी 3,000 रुपये क्विंटल धरा, तिचे 1,920. बेरीज 7,077. यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक, व्याज आणि त्याचा नफा वजा झाला की उरतो तो आपला भाव.

आता सरकी क्विंटलमागे 500 रुपयांनी वधारली, रुई जागेवरच. तरी एका क्विंटल कापसात 320 रुपये वाढले. हे 320 कुणाच्या खिशात जातात? सरकीचा भाव ज्याला आधी कळला त्याच्या.

आणि सरकी हलते कशानं? पामतेलावरचं आयात शुल्क उतरलं की सरकीचं तेल उतरतं. ज्वारी बुडाली, कडबा महागला, की जनावरांसाठी ढेपेची मागणी चढते. ज्वारीवाला आणि कापूसवाला (आपल्याकडे बहुतेक वेळा तो एकच माणूस असतो) असे एका दाव्याला बांधलेले आहेत. ढेपेचा वायदा एनसीडीईएक्सवर अकोल्याच्या नावानं चालत आला. अकोल्याच्या किती शेतकऱ्यांनी त्याचे आकडे पाहिले?

बाजाराची नक्कल संगणकावर करता येते. 1993 साली अमेरिकेतल्या धनंजय गोडे आणि श्याम सुंदर या अभ्यासकांनी संगणकात बिनडोक व्यापारी बसवले. मनाला येईल तो भाव ते पुकारायचे. अट एकच, तोट्यात सौदा करायचा नाही. तरी बाजार जवळजवळ हुशार माणसांच्या बाजाराइतकाच चोख चालला! व्यापाऱ्याच्या अकलेचे जे गोडवे गातात त्यांनी हे ऐकावं. बाजार चालवला तो लिलावाच्या नियमानं. पण तिथे प्रत्येक बोली सगळ्यांसमोर होती. रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे भाव आपल्या वाडवडिलांनी भोगले, तसला लिलाव त्या संगणकात नव्हता. माल एकच होता, सरकी-ढेपेची भानगड नव्हती. आणि त्या विक्रेत्यांना सोसायटीचा हप्ता भरायचा नव्हता.

माहितीची किंमत काय असते ते कापसानंच एकदा दाखवलं आहे. 1905 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातला एक अधिकारी कापूस पिकाचा अंदाज जाहीर होण्याआधी न्यूयॉर्कच्या सटोडियांना फोडत होता. खिडकीच्या पडद्यानं खुणा करायचा. बोभाटा झाला, नियम कडक झाले. आता तिथला पीक अंदाज बंद दाराआड तयार होतो आणि ठरल्या मिनिटाला शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला एकदमच मिळतो.

आपल्याकडे 1972 पासून एकाधिकार खरेदी होती. तेव्हा भाव सरकार ठरवी, सरकीची चौकशी करून उपयोगही नव्हता. ते दिवस गेले. आता मोबाइलवर बाजार समित्यांचे भाव दिसतात, पण एकेका मालाचे सुटे. त्यांची सांगड घालण्याचं काम आपलं आपल्यालाच करावं लागेल.

म्हणून येत्या हंगामात प्रत्येक गावात एक फळा लावायचा. त्यावर रोज रुई, सरकी, ढेप आणि तेल यांचे भाव आणि खाली वरचा हिशेब मांडायचा. कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींकडे हे काम सोपवा, संगणक लागलाच तर तो त्यांना चालवता येतो. शेजारच्या दोन गावांशी आकडे ताडून घ्या. खेडा खरेदीची गाडी सकाळीच गावात शिरते. फळा त्याच्या आधी लिहून झालेला पाहिजे.