एकटीचा प्रवास



लेकीचे बाळंतपण जवळ येते, आईचे दुखणे कळते, आणि सोबत नाही म्हणून आपण घरीच झुरत बसतो. मी सातवी शिकलेली. पण नागपूरला लेकीकडे एकटी गेले. एक आकडा पदराशी बांधून निघाले : १३९. गाडीत कोणी त्रास दिला, तर रेल्वेची मदत याच फोनवर मिळते. आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलमही १३९ च! तिकीट हरवले, दंडाला पैसे नाहीत, तरी एकट्या बाईला रात्री गाडीतून उतरवता येत नाही. उतरवायचे ते दिवसाच. आणि तेही निघाल्या ठिकाणी, जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनावर किंवा जिल्ह्याच्या गावी. तेव्हा तिकीट जपा, आकडा पाठ करा, आणि आपली वाट पाहणाऱ्यांकडे खुशाल जा.