एमपीटीएच करताय? आधी हप्ता मोजा

मुलीने फिजिओथेरपीची पदवी घेतली की घरात दोन प्रश्न एकामागोमाग येतात. पुढे एमपीटीएच, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, करायचं का, आणि करायचं तर कर्ज काढायचं का? सिरोंचा, आलापल्लीकडच्या पालकांशी आज त्याबद्दलच बोलते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. रुग्णावर उपचार करायला बीपीटीएच ही पदवी पुरते. दोन वर्षांची एमपीटीएच लागते ती मुख्यतः कॉलेजात शिकवायला, नाहीतर मज्जासंस्था, हृदय-श्वसन अशा एखाद्या शाखेत मुरायला. नावापुढची अक्षरं वाढवायला कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागद-पेन घ्या. समजा, दोन वर्षांत तीन-तीन असे 6 लाख घेतले, व्याज 10 टक्के. शिकताना आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो. मात्र व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. सरळव्याजाने धरलं तरी तीन वर्षांत दीड लाख. म्हणजे झाले साडेसात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळजवळ 9,900 रुपये! सुरुवातीचा पगार 25 हजार धरला, तर नागपुरातलं खोलीभाडं, मेस आणि सणाला गावी येण्याचं भाडं भागवून हातात काय राहतं, ते तुम्हीच मांडा. शिकताना आणि नंतरच्या त्या वर्षातही व्याज भरत गेलात तर हप्ता 7,900 वर येतो.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची हमी योजना आहे, ते तारणाशिवाय मिळू शकतं. तेव्हा सातबारा पुढे करण्याआधी बँकेत तेवढं विचारा. सीईटी या प्रवेश परीक्षेचा अभ्यास नीट करून सरकारी कॉलेजची जागा मिळवलीत, तर कर्जाचा आकडाच लहान होतो. आदिवासी मुलांनी महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरावा. जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा, तिथेच गाडी अडते.

पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं काम करा, मग ठरवा. तेंदूपानाच्या हंगामात वाकून वाकून कंबर धरलेल्या बाया, लकव्याने एक बाजू गेलेले म्हातारे आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि जिल्ह्याचं ठिकाण सिरोंचाहून सुमारे 200 किलोमीटर. अशा आजोबांना त्यांच्या तेलुगूत ‘चेय्यि पैकि एत्तंडि’, म्हणजे हात वर करा, असं सांगणारी मुलगी नागपूरहून सहजी येणार नाही. ती तुमच्याच घरात आहे. काम करताना तिला कोणत्या शाखेची ओढ आहे तेही कळेल, चार पैसेही साठतील.

आणि मग प्रवेश घ्यायचंच ठरलं, तर फी भरण्याआधी बँकेकडून तीन आकडे लिहून घ्या : व्याजदर, हप्ता सुरू होईपर्यंत चढणारं व्याज आणि महिन्याचा हप्ता.